१०८ वर्षांची वाट: शिकागो कब्सबद्दल सगळे मला विचारताहेत ते प्रश्न

शिकागो, सोमवार, २४ ऑक्टोबर २०१६

शनिवारी रात्रीपासून माझा फोन थांबलेला नाही. पुण्याहून आत्याने विचारलं, "अगं, तुमच्याकडे रस्त्यात लोक गळ्यात पडून रडताहेत ते कशासाठी?" ऑफिसात यंदाच आलेली तीन-चार मराठी मुलं आहेत. त्यांना गर्दी दिसते, निळ्या टोप्या दिसतात, पण नेमकं काय घडलंय ते कळत नाही. एकेकाला उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते. मी १९९८ पासून या शहरात आहे. बेसबॉल मला माझ्या शेजाऱ्यांनी शिकवला, त्यामुळे ते दोघं या उत्तरांत अधूनमधून येतील.

शनिवारी नक्की झालं काय?

कब्स हा शिकागोचा बेसबॉल संघ. त्यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सना ५-० असं हरवलं आणि नॅशनल लीगचं विजेतेपद मिळवलं. त्याला इथे 'पेनंट' म्हणतात. याआधीचं पेनंट १९४५ साली मिळालं होतं, म्हणजे ७१ वर्षांपूर्वी. आता उद्या, मंगळवारपासून, अंतिम मालिका सुरू होते आहे: वर्ल्ड सिरीज. ती कब्सनी शेवटची जिंकली १९०८ साली.

समोर क्लेटन कर्शॉ होता, आजच्या घडीचा सर्वांत भारी पिचर, म्हणजे गोलंदाज, म्हणून ज्याचं नाव घेतात तो. कब्सच्या काइल हेंड्रिक्सने सात इनिंगहून जास्त वेळ चेंडू टाकले आणि डॉजर्सना फक्त दोन हिट, म्हणजे यशस्वी फटके, मिळू दिल्या. नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या पुइगने चेंडू जमिनीलगत मारला. तो कब्सच्या रसेलने उचलून बाएझकडे दिला, बाएझने रिझोकडे, आणि एकाच फटक्यात दोघे आउट. सामना तिथेच संपला. मैदानाबाहेर, क्लार्क आणि ॲडिसन रस्त्यांच्या चौकात हजारो माणसं उभी होती. त्यातल्या कितीतरी जणांकडे तिकीट नव्हतं, आत जायचंही नव्हतं. त्या क्षणी तिथे असावं, एवढ्यासाठीच ती आली होती.

'वर्ल्ड' सिरीज म्हणतात, मग बाकीचं जग कुठे आहे?

नाव जुनं आहे, तेच चालत आलंय. संघ फक्त अमेरिकेतले, आणि एक कॅनडातला टोरांटोचा. एकूण ३० संघ, दोन लीग: नॅशनल आणि अमेरिकन. दोन्हीकडचे विजेते समोरासमोर येतात आणि सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो विजेता. खेळाडू मात्र खरंच जगभरातले असतात. बाएझ प्वेर्तो रिकोचा आहे, आमचा चॅपमन आणि डॉजर्सचा पुइग क्यूबाचे.

क्रिकेट कळतं, बेसबॉल अजिबात नाही. थोडक्यात सांगाल का?

नऊ इनिंग असतात. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना फलंदाजी मिळते आणि तीन आउट झाले की बाजू बदलते. षटकं नाहीत, सामन्याला वेळेची मर्यादा नाही. पिचर टप्पा न पाडता चेंडू टाकतो. फलंदाजाने तो मारून मैदानावरच्या चार खुणांचा, म्हणजे बेसचा, चौकोन पळून पुरा केला की एक धाव. धावा फार होत नाहीत, त्यामुळे तीन धावांची आघाडी म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित. हे लक्षात ठेवा, पुढे २००३ ची गोष्ट सांगायची आहे.

खरा फरक वेगळाच आहे. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. त्यामुळे इथल्या घरांत बेसबॉल हा सण नसतो, तो संध्याकाळच्या चहासारखा असतो. रेडिओ चालू, स्वयंपाक चालू, मधूनच कुणीतरी विचारतं, "किती झाले?" आणि अशा रोजच्या सवयीतून जो जीव जडतो तो हरल्याने सुटत नाही.

१०८ वर्षं? हा आकडा खरा आहे का?

खरा आहे. तो काळ किती लांबचा, ते आपल्याकडच्या खुणेने सांगते. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ते मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा, १४ ऑक्टोबरला, डेट्रॉइटमध्ये कब्सनी टायगर्सना पाचव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. बघायला अवघे ६,२१० लोक होते. आज कब्सचं जे मैदान जगभर ओळखलं जातं, ते तेव्हा बांधलेलंही नव्हतं.

आणि त्या वेळी कब्स हा दुबळा संघ नव्हता बरं का. १९०६ मध्ये त्यांनी मोसमात ११६ सामने जिंकले होते, फक्त अंतिम मालिका याच शहरातल्या व्हाइट सॉक्सकडून हरले. १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षं ते विजेते होते. फ्रँक चान्स हा त्यांचा कप्तान आणि व्यवस्थापक. मॉर्डेकाय ब्राउन हा पिचर, ज्याच्या उजव्या हाताची बोटं लहानपणी शेतावरच्या यंत्रात सापडली होती आणि त्याच हाताने तो चेंडूला असं वळण द्यायचा की भलेभले चकायचे. त्या १९०८ च्या दिवशी कुणाला वाटलं असेल की पुढची खेप येता येता चार पिढ्या होतील?

ती बोकडाची गोष्ट काय आहे?

१९४५ ची वर्ल्ड सिरीज, ६ ऑक्टोबर, चौथा सामना. बिली सियानिस नावाचा ग्रीसहून आलेला गुत्तेवाला आपला पाळीव बोकड घेऊन मैदानावर आला. बोकडाचं नाव मर्फी. बोकडाचंही तिकीट काढलं होतं असं सांगतात. पण वास येतो म्हणून त्याला बाहेर काढलं, आणि सियानिसने रागाने शाप दिला की कब्स आता जिंकणार नाहीत. या प्रसंगाच्या आवृत्त्या अनेक आहेत, प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो. पुढचं मात्र पक्कं आहे: १० ऑक्टोबरला सातवा सामना कब्स आपल्याच मैदानावर ९-३ असा हरले आणि त्यानंतर ७१ वर्षं त्या मैदानाने वर्ल्ड सिरीज पाहिली नाही.

शाप उतरवण्यासाठी लोकांनी खूप काही केलं. सियानिसचा पुतण्या बोकड घेऊन मैदानात आला. २००८ मध्ये एका धर्मगुरूंनी खेळाडूंच्या जागेवर पवित्र पाणी शिंपडलं. त्या वर्षीच्या मोसमानंतरच्या फेरीत कब्स तिन्हीच्या तिन्ही सामने हरून बाहेर पडले.

तुम्ही शाप मानता?

नाही. आणि तो मानणं मला खेळाडूंवर अन्याय वाटतो.

कब्स इतकी वर्षं हरले कारण संघ नीट चालवला गेला नाही. १९६१ मध्ये मालकांनी एक व्यवस्थापक नेमायच्या ऐवजी प्रशिक्षकांचं मंडळ केलं आणि ते आळीपाळीने संघ सांभाळायचे. आज एकाने सांगितलेलं उद्या दुसरा बदलायचा. १९६४ च्या जूनमध्ये लू ब्रॉक नावाचा तरुण खेळाडू त्यांनी सेंट लुईसला देऊन टाकला. त्याच वर्षी सेंट लुईसने वर्ल्ड सिरीज जिंकली, ब्रॉक पुढे महान खेळाडूंत गणला गेला. त्याच्या बदल्यात आलेल्या पिचरचं कोपर आधीच दुखावलेलं होतं. कृष्णवर्णीय खेळाडूंना बेसबॉलचं दार १९४७ मध्ये उघडलं, कब्सच्या मैदानावर त्यांच्या पोशाखात असा पहिला खेळाडू उतरायला १९५३ साल उजाडलं. अशा चुकांची बेरीज बोकडाच्या शापापेक्षा कितीतरी मोठी होते.

तरी एक कबूल करते. शनिवारी आठव्या इनिंगमध्ये, कब्सना पाच आउट हवे होते तेव्हा, मी देवापुढे जाऊन हात जोडले. का, ते पुढच्या उत्तरात कळेल.

लोक '६९, '८४ आणि २००३ असं म्हणतात. त्या वर्षी काय झालं?

१९६९: ऑगस्टच्या मध्याला कब्स नऊ सामन्यांनी पुढे होते. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध खेळताना एक काळं मांजर मैदानात शिरलं आणि रॉन सँटोच्या जवळून गेलं. ते छायाचित्र इथे सगळ्यांना पाठ आहे. खरं कारण एवढंच की भर उन्हाळ्यात दुपारी खेळून खेळून दमलेला संघ ढेपाळला आणि मेट्स सुसाट सुटले.

१९८४: पेनंटसाठी पाच सामन्यांची मालिका. पहिले दोन शिकागोत जिंकले, मग सॅन दिएगोत तिन्ही हरले. शेवटच्या सामन्यात पहिल्या बेसवर लिऑन डरॅमच्या दोन पायांमधून साधा घरंगळणारा चेंडू निसटला.

आणि २००३. हे मी स्वतः बघितलं.

१४ ऑक्टोबर. १९०८ चा विजयही याच तारखेचा. फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध सहावा सामना, कब्स ३-० ने पुढे, आठवी इनिंग, पेनंटला पाच आउट कमी. मी शेजारच्या आजी-आजोबांकडे होते. आजी स्कोअरकार्ड लिहीत होत्या. पेन्सिलने, दर चेंडूगणिक, जसं त्या प्रत्येक सामन्याचं लिहायच्या. डाव्या बाजूला प्रेक्षकांच्या कठड्यापाशी एक उंच चेंडू उडाला. कब्सचा मोइझेस अलू झेल घ्यायला उडी मारून वर गेला, आणि त्याच वेळी पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांचेही हात वर गेले. एकाचा हात चेंडूला लागला. झेल गेला. त्यानंतर शॉर्टस्टॉपकडून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडून, हातातला चेंडू निसटला, मग एकेक करत आठ धावा झाल्या. सामना गेला, दुसऱ्या रात्री मालिकाही गेली.

त्या प्रेक्षकाचं नाव मी लिहिणार नाही. तो कब्सचाच वेडा चाहता होता, डोक्यावर कब्सची टोपी, कानात रेडिओची वायर. आजूबाजूच्या अनेकांनी केलं तेच त्याने केलं होतं. त्याला पहारा देऊन बाहेर न्यावं लागलं. नंतर त्याला पैशांची आमिषं दाखवली गेली, पण त्याने तोंड उघडलं नाही, त्या प्रसंगातून काही कमावलं नाही. या शहराने त्याच्याशी जे केलं त्याची मला मनापासून लाज वाटते. यंदा कब्स जिंकले तर सर्वांत आधी त्याला शांत झोप लागावी.

मग आता काय वेगळं आहे?

पाया घातला गेला. २००९ मध्ये रिकेट्स कुटुंबाने संघ विकत घेतला आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये थिओ एपस्टीनला आणलं. बोस्टनची ८६ वर्षांची प्रतीक्षा २००४ मध्ये संपली तेव्हा संघबांधणी त्याच्याच हाती होती. त्याने येऊन सरळ सांगितलं की आधी मोडावं लागेल, मग बांधता येईल. २०१२ मध्ये कब्स १०१ सामने हरले. त्या उन्हाळ्यात तिकिटं स्वस्तात मिळायची, आम्ही मुलीला घेऊन कितीतरी वेळा गेलो. हरणारा संघ बघत ती मोठी झाली आणि तरी दर वेळी तितक्याच जोरात ओरडायची.

त्या हरण्याच्या वर्षांत एकेक दगड रचला जात होता. अँथनी रिझो सॅन दिएगोहून आला. कोवळ्या वयात कर्करोगातून उठलेला मुलगा. हेंड्रिक्स टेक्सासच्या संघाकडून आला तेव्हा त्याला कुणी ओळखतही नव्हतं. यंदा नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी २.१३, दोन्ही लीगमध्ये मिळून सर्वांत कमी. जेक ॲरिएटा बाल्टिमोरहून आला, ॲडिसन रसेल ओकलंडहून. क्रिस ब्रायंटला नव्या खेळाडूंच्या २०१३ च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. मग जॉन लेस्टर, तोही कर्करोग जिंकून आलेला, आणि व्यवस्थापक म्हणून जो मॅडन. मॅडनची खुबी अशी की तो तरुण पोरांच्या डोक्यावरचं १०८ वर्षांचं ओझं बोलता बोलता उतरवून ठेवतो.

गेल्या वर्षी आम्ही पेनंटच्या फेरीत मेट्सकडून सपशेल हरलो. त्यांच्या डॅनियल मर्फीने लागोपाठ सहा सामन्यांत होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारले. होय, आडनाव मर्फी, बोकडाचंच. यंदा १०३ विजय, ५८ पराभव आणि पावसामुळे एक अनिर्णित. १९१० नंतर कब्सनी एका मोसमात इतके सामने जिंकले नव्हते. डॉजर्सविरुद्धही सलग दोन सामन्यांत कब्सना एकही धाव काढता आली नव्हती. १-० आणि ६-०. तेव्हा शहरात जी शांतता पसरली ती मला ओळखीची होती. पण पुढच्या तीन सामन्यांत पोरांनी तेवीस धावा कुटल्या. ही मुलं १९६९ नंतर खूप वर्षांनी जन्मली. त्यांना मांजर ठाऊक नाही, बोकड ठाऊक नाही.

श्वार्बर खेळणार का?

हा प्रश्न आज दिवसभर सगळ्या शहरात चालला आहे. काइल श्वार्बर हा २३ वर्षांचा धडाकेबाज फलंदाज. मोसम सुरू होऊन चौथा दिवस होता, ७ एप्रिल, ॲरिझोनात झेल घेताना सहकाऱ्याशी टक्कर झाली आणि गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. मोसम संपला असंच सगळे म्हणाले. आणि परवा शनिवारी तो ॲरिझोनात शिकाऊ खेळाडूंच्या सामन्यात उतरला! यंदाच्या नियमानुसार अमेरिकन लीगच्या मैदानावर पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू ठेवता येतो. म्हणजे क्लीव्हलँडमध्ये त्याला धावत क्षेत्ररक्षण करावं लागणार नाही. संघाची यादी उद्या द्यायची आहे. माझं मन म्हणतं, घेतील.

समोर क्लीव्हलँड 'इंडियन्स' आहेत. हे नाव आपल्यावरून आहे का?

नाही. इथे तो शब्द अमेरिकेच्या मूलनिवासींसाठी वापरला गेलाय. त्यांच्या यंदाच्या टोपीवर लाल चेहऱ्याचं, दात काढून हसणारं एक चित्रही आहे. मूलनिवासी लोक त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मैदानाबाहेर उभे राहून निषेध करतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. एका समाजाचा चेहरा असा टोपीवर लावू नये.

संघ मात्र जबरदस्त आहे. त्यांनी बोस्टनला ३-० आणि टोरांटोला ४-१ असं घरी पाठवलं, तेही दोन महत्त्वाचे पिचर जायबंदी असताना. उद्या पहिल्या सामन्यात त्यांचा कोरी क्लुबर आणि आमचा लेस्टर समोरासमोर येतील. त्यांचा अँड्र्यू मिलर मध्येच कुठल्याही इनिंगला येतो आणि फलंदाजांना काही सुचू देत नाही. आणि त्यांचा व्यवस्थापक टेरी फ्रँकोना हा २००४ मध्ये बोस्टनचा व्यवस्थापक होता, म्हणजे एपस्टीनचा जुना जोडीदार.

आणखी एक. क्लीव्हलँडही १९४८ पासून वाट बघतंय, ६८ वर्षं. १९९७ मध्ये ते सातव्या सामन्यात नवव्या इनिंगपर्यंत पुढे होते आणि तरी हरले. तिथेही कुणाच्या तरी घरी अर्धवट राहिलेलं स्कोअरकार्ड असेल. आमच्यासाठी मी जीव तोडून ओरडणार आहे, पण त्यांच्याबद्दल वाईट शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

रिग्ली फील्डचं एवढं कौतुक कशासाठी?

एकदा जाऊन बघा, मग विचारणार नाही. १९१४ मध्ये बांधलेलं, कब्स तिथे १९१६ पासून, म्हणजे यंदा बरोबर शंभर वर्षं. मैदानाच्या सीमेवरच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेली वेल आहे. उन्हाळ्यात गर्द हिरवी, आणि आत्ता ऑक्टोबरात पानं तांबूस होऊ लागलीत. कब्सच्या खेळाडूंना ही रंग बदलणारी वेल खेळता खेळता बघायला मिळणं हेच दुर्मीळ, कारण एरवी ते सप्टेंबरअखेर घरी गेलेले असतात. धावफलक अजून हाताने बदलतात. आत माणसं उभी असतात आणि आकड्यांचे पत्रे सरकवतात. दिवे तर १९८८ पर्यंत नव्हतेच, सगळे सामने दिवसाढवळ्या.

मैदान वस्तीच्या मधोमध आहे. रस्त्यापलीकडच्या घरांच्या गच्च्यांवरून सामना दिसतो. सामना झाला की धावफलकावर झेंडा चढतो: जिंकलो तर पांढऱ्यावर निळा 'डब्ल्यू', हरलो तर निळ्यावर पांढरा 'एल'. संध्याकाळी कामावरून ट्रेनने घरी जाणाऱ्या माणसांना खिडकीतून तो झेंडा दिसावा, निकाल कळावा, म्हणून ही पद्धत. आता तोच 'डब्ल्यू' घराघरांवर लागलाय. आमच्या गल्लीत मी काल अकरा मोजले.

तिकीट मिळेल का?

हजारो डॉलर मोजायची तयारी असेल तर. आमची नाही.

इतकी वयस्कर माणसं का रडत होती?

हा प्रश्न आत्याने विचारला होता आणि फोनवर मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

एर्नी बँक्स नावाचा खेळाडू कब्सकडे १९५३ ते १९७१ खेळला. ५१२ होमरन मारले, आणि मोसमानंतरच्या अंतिम फेऱ्यांतला एकही सामना त्याला कधी खेळायला मिळाला नाही. तरी कायम हसतमुख. आज इतकं छान ऊन पडलंय, एकाऐवजी दोन सामने खेळू, असं म्हणायचा. गेल्या वर्षी जानेवारीत तो गेला. रॉन सँटो, ज्याच्याजवळून ते मांजर गेलं, तो मधुमेहाने दोन्ही पाय गमावूनही रेडिओवर समालोचन करत राहिला. कब्सनी झेल सोडला की त्याचा कळवळलेला आवाज गाडीत, स्वयंपाकघरात, दुकानात ऐकू यायचा. तो २०१० मध्ये गेला. या दोघांना कुणी विसरलेलं नाही. शनिवारी लोक त्यांची नावं घेत होते.

आणि प्रत्येक घरात असा एक एर्नी असतो. आमच्या शेजारच्या आजी २०११ मध्ये गेल्या. त्यांची सगळी स्कोअरकार्डं आजोबांनी बुटांच्या खोक्यांत ठेवली आहेत. २००३ चं ते १४ ऑक्टोबरचं कार्ड त्यांनी मला एकदा दाखवलं. आठव्या इनिंगच्या रकान्यात एक आउट लिहिलाय, पुढे कागद कोरा. आजींनी पेन्सिल ठेवून दिली होती. त्यानंतर त्यांनी कार्ड लिहिली, पुढची आठ वर्षं लिहिली, पण ते पुरं केलं नाही.

आता आजोबा लिहितात. ते ८२ वर्षांचे आहेत. १९४५ मध्ये अकरा वर्षांचे होते, सातवा सामना वडिलांसोबत रेडिओवर ऐकला. वडील म्हणाले होते, पुढच्या वर्षी. शनिवारी आमच्याकडे बसून त्यांनी शेवटचा आउट लिहिला. शॉर्टस्टॉपचा आकडा सहा, दुसऱ्या बेसचा चार, पहिल्याचा तीन: ६-४-३. लिहून झाल्यावर पेन्सिल तशीच कागदावर टेकलेली. माझी मुलगी त्यांना 'आजोबा'च म्हणते, तो शब्द त्यांना कळतो. तिने हात धरला तेव्हा ते हलक्या आवाजात आजींचं नाव घेऊन म्हणाले, हे बघायला ती हवी होती.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि आपल्या अगदी घरचं. महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक शेवटचा जिंकला १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधर कप्तान असताना. देवधर तेव्हा पन्नाशीला आले होते. त्याला ७५ वर्षं झाली. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्र अंतिम फेरीत पोचला, केदार जाधवने त्या मोसमात धावांचा पाऊस पाडला, आणि हैदराबादला आपण कर्नाटककडून हरलो. माझे बाबा त्या सामन्याच्या वेळी पुण्यात सकाळपासून टीव्हीसमोर बसून होते. देवधरांचा खेळ बाबांनी पाहिलेला नाही, तो त्यांच्या वडिलांनी पाहिला. बाबांना ते सगळं ऐकून पाठ आहे. शेजारच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी देवधरांचं नाव मला दोनदा उच्चारायला लावलं आणि विचारलं, "पुढचा मोसम कधी सुरू होतो?" मी सांगितलं, सुरू झालाय.

भारतातून कधी बघायचं?

तुमच्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास, इथल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. एमएलबी.टीव्ही या बेसबॉलच्या इंटरनेट सेवेचे पैसे भरले की दिसतं. पहिले दोन सामने क्लीव्हलँडला, २५ आणि २६ तारखेला. मग शुक्रवार २८, शनिवार २९ आणि रविवार ३० शिकागोत. गरज पडली तर १ आणि २ नोव्हेंबरला पुन्हा क्लीव्हलँड. चार सामने त्यांच्या मैदानावर का? कारण यंदा जुलैतला दोन लीगमधला प्रदर्शनीय सामना अमेरिकन लीगने जिंकला, आणि यंदाचा नियम तसा आहे.

तारखा जरा कॅलेंडरवर बघा. शुक्रवारचा सामना, १९४५ नंतर रिग्ली फील्डवरचा पहिला, तुम्हाला शनिवारी पहाटे दिसेल. ती नरक चतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान उरकून, उटण्याचा वास अंगाला असतानाच टीव्हीसमोर बसा. मोती साबणासाठी लवकर उठायचंच असतं, ते कामी येईल.

रविवारी लक्ष्मीपूजन आहे आणि त्याच संध्याकाळी पाचवा सामना. तुमच्याकडे फराळाला यायचं की नाही?

यायचं, पण वेळ बदलली आहे. पूजा साडेपाचला, पहिला चेंडू सव्वासातच्या सुमारास. चकल्या शनिवारी दुपारीच तळून ठेवीन. करंज्या कुणी आणल्या तर बरं होईल, मला यंदा वेळ मिळालेला नाही. पणत्या लावून झाल्या की दारातल्या आकाशकंदिलाशेजारी मुलीने 'डब्ल्यू' लावायचं ठरवलंय, पण जिंकल्यावरच. आधी नाही, यावर ती ठाम आहे.

टीव्हीचा आवाज बंद असेल, कारण आजोबांना रेडिओवरचं समालोचन लागतं. खिडकीजवळची खुर्ची त्यांची, शेजारची रिकामी राहील, तिथे बसू नका. स्कोअरकार्ड लिहायला शिकायचं असेल तर पेन्सिल घरून आणा. ते आपली कुणाला देत नाहीत.